चौथा रकाना

२०२५ च्या जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा बारावीच्या राज्यशास्त्राचा प्रकल्प कशावर करायचा, हे मुलांनी मला विचारलं नाही, सांगितलं. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणात २६ माणसं मारली गेली होती, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं, १० मेला गोळीबार थांबला. सगळी उन्हाळ्याची सुट्टी मुलांनी मोबाइलला डोळे लावून काढली होती. त्यांच्याकडं मतं तयार होती, व्हिडिओ तयार होते, प्रकल्पाची शीर्षकंसुद्धा तयार होती.

मी विषय मान्य केला, पण अट घातली. हल्ला कुणी आणि कसा केला, हा आपला विषय नाही. हल्ल्यानंतर आपल्याकडं काय झालं, तेवढंच बघायचं. सरकार काय बोललं, विरोधक काय बोलले, कायदा कोणता आला, पुढच्या निवडणुकीत लोकांनी काय केलं, आणि कोर्टात शेवट काय झाला. मुलांचा हिरमोड झाला. एक जण म्हणालाच, “मॅडम, मग ह्यात थरार काय राहिला?” मी म्हटलं, राहील, तू सुरुवात तर कर.

आमचं कॉलेज जावळी खोऱ्यातलं, मेढ्याच्या बाजूचं. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईत असतो. आधीच्या पिढीत माथाडी, आताच्या पिढीत कुरिअर, सिक्युरिटी, नाहीतर पोलीस. एखादा फौजेत. त्यामुळं मुंबईत कुठं धडाका झाला की आमच्याकडं आधी घराघरातून फोन लागतात, टीव्ही नंतर. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्याच तालुक्यातले, केडंब्याचे. वर्गातली मुलं जन्मली २००७-०८ साली. २६/११ ला ती पाळण्यात होती, काही पोटात. म्हणजे ज्या गोष्टीनं त्यांच्या तालुक्याचं नाव देशभर गेलं ती त्यांना ऐकूनच ठाऊक.

पद्धत साधी ठेवली. मोठी कार्डशीटं जोडून भिंतभर तक्ता केला. आडव्या ओळीत एकेक हल्ला: मार्च १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट, डिसेंबर २००१ चा संसदेवरचा हल्ला, जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, सप्टेंबर २००८ चं मालेगाव, २६/११, पुलवामा, पहलगाम. ताडून बघायला बाहेरचा एक हवा म्हणून २००४ चं माद्रिद. उभे रकाने चार: पहिला आठवडा, पहिलं वर्ष, पुढची निवडणूक, आणि चौथा कोर्टाचा निकाल. चार-पाच मुलांच्या गटाला एक ओळ. नियम असा की कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय तक्त्यावर चढवायची नाही, आणि व्हॉट्सॲपवर आलेलं ठिकाण धरायचं नाही. साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत, तिथं शनिवारी एसटीनं जायचं. संसदेतली भाषणं इंटरनेटवर मिळतात, ती वाचायची. आणि गावातली म्हातारी माणसं होतीच.

पहिला रकाना भराभर भरला. पहिल्या आठवड्यात सगळेच बोलतात. पंतप्रधान बोलतात, मुख्यमंत्री घटनास्थळी जातात, विरोधी पक्ष आधी पाठिंबा देतो आणि मग दोन-चार दिवसांनी प्रश्न विचारतो. सर्वपक्षीय बैठक होते. मुलांना ह्या ठरलेल्या क्रमाचीच गंमत वाटायला लागली, पहलगामची ओळ भरणारा गट २६/११ च्या गटाला विचारायचा, “तुमच्यात बैठक कितव्या दिवशी?” पण १९९३ च्या गटाला त्या फायलींत एक विलक्षण गोष्ट सापडली आणि आमचा पुढचा सगळा पंधरवडा तिच्यात गेला.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. शरद पवार मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा, सेंच्युरी बाजार, एकापाठोपाठ स्फोट. २५७ माणसं गेली. त्याच्या दोनच महिने आधी मुंबई दंगलीत होरपळलेली होती. पवारांनी त्या संध्याकाळी दूरदर्शनवर, झालेल्या स्फोटांच्या यादीत एक न झालेला स्फोटही सांगितला, मुस्लिम वस्तीतला. एकाच समाजावर हल्ला झालाय असं वाटून पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण ते मुद्दाम केलं, हे त्यांनी पुढं स्वतःच उघडपणे सांगितलं आहे.

वर्ग दोन तुकड्यांत फुटला. मुख्यमंत्री खोटं बोलला हे बरोबर का? एक मुलगी म्हणाली, “खोटं ते खोटंच. उद्या दुसरा कोणी स्वतःच्या फायद्यासाठी बोलला तर त्याला कुठल्या तोंडानं अडवणार?” दुसरा म्हणाला, “पण दंगल झाली नाही ना?” मी निकाल दिला नाही. त्यांना म्हटलं, त्या दिवशी मुंबईत असलेला माणूस शोधा.

तो त्यांच्याच वाडीत होता. एका मुलाचे चुलत आजोबा, माथाडी कामगार म्हणून मुंबईत हयात काढलेले. भायखळ्याला गावाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. आम्ही चौघं-पाच जण त्यांच्या पडवीत बसलो. मुलानं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं तसे तात्या एकदम ताठ बसले. मग हळूहळू सैल झाले. “आवो मॅडम, जानेवारीत आमी आठ दिस खोलीच्या भायेर पडलो न्हवतो. तवाची भीती अंगात हुतीच. स्फोट झालं तवा खोलीतली पोरं म्हणाय लागली, आता परत सुरू हुनार. मग टीव्हीवर सांगितलं की त्यांच्याकडं बी झालाय. ते ऐकलं आन पोरं गप बसली. कुनी काय बोललंच न्हाई. सोमवारी आमी कामावर.”

मुलानं विचारलं, “तात्या, पण तो झालाच नव्हता.” तात्यांना हे माहीतच नव्हतं. बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ पडवीच्या खांबाकडं बघत राहिले आणि म्हणाले, “मंग बरं केलं त्यानं. पर मला आधी कळायला पायजे हुतं.” ह्या दोन वाक्यांवर मी तासभर शिकवू शकले असते. मुलांनी ती तशीच्या तशी तक्त्यावर लिहिली.

माद्रिदच्या गटाला उलटं सापडलं. ११ मार्च २००४ ला तिथल्या सकाळच्या लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले, १९० हून जास्त माणसं गेली. तीन दिवसांनी सार्वत्रिक निवडणूक होती. तिथलं सरकार सांगत राहिलं की हे बास्क फुटीरवाद्यांच्या ‘एटा’ संघटनेचं काम. पुरावे मात्र दुसरीकडं, इस्लामी दहशतवादी गटाकडं जात होते. इराक युद्धात सैन्य पाठवण्याला स्पेनच्या बहुसंख्य लोकांचा विरोध होता. हल्ल्याचा संबंध त्या युद्धाशी जोडला जाऊ नये म्हणून सरकार माहिती दडवतंय, असं लोकांना वाटलं. मतदानाच्या आदल्या रात्री लोक रस्त्यावर उतरले आणि सत्ताधारी पक्ष हरला. नव्या सरकारनं इराकमधून सैन्य परत बोलावलं. आमच्या वर्गात मग एक वेगळाच वाद रंगला: पवारांचं खोटं आणि माद्रिदचं खोटं ह्यांत फरक काय? मुलांनी स्वतःहून काढलेला फरक मला पटला. एकानं दंगल टाळायला खोटं सांगितलं आणि पुढं स्वतः कबूल केलं. दुसऱ्यांनी मत टिकवायला सांगितलं आणि शेवटपर्यंत धरून बसले.

खोट्याचा विषय निघालाच तर कसाबच्या बिर्याणीबद्दलही लिहायला हवं. २६/११ च्या गटातल्या एकानं दुसऱ्याच दिवशी आणलं होतं की सरकार तुरुंगात कसाबला बिर्याणी घालत होतं. त्याच्या घरातली वडीलधारी माणसं ते छातीठोकपणे सांगत. निवडणुकांच्या सभांत वर्षानुवर्षं हे वाक्य वाजलं. मी म्हटलं, दोन ठिकाणी शोध. त्याला सापडलं ते असं की सरकारी वकील उज्ज्वल निकम ह्यांनीच २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की कसाबनं बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूती तयार होत होती ती मोडायला आपणच ती गोष्ट रचली. पोरगं घरी जाऊन हे सांगून आलं. घरी काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तो वाचनालयात सगळ्यांच्या आधी हजर होता.

आता २६/११ ची ओळ. तिच्यावर आमचा जीव जास्त, हे उघड आहे. ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर झेलत सोडली नाही. अशोकचक्र मिळालं. हे आमच्या मुलांना पाठ आहे. पण त्या पकडीचा राजकारणावर परिणाम काय झाला, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. हल्लेखोर दहा, नऊ मेले, एक जिवंत हाती लागला. सगळ्यांकडं बनावट भारतीय ओळखपत्रं होती. दहाच्या दहा मेले असते तर ते कोण, कुठले ह्यावर किती वर्षं चिखलफेक झाली असती ह्याची कल्पना करून बघा. जिवंत माणूस, त्याचा जबाब, कोर्टात चाललेला खटला, त्यामुळंच फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानच्या गृहखात्याला मान्य करावं लागलं की कटाचा काही भाग त्यांच्या भूमीवर शिजला. भारताच्या परराष्ट्र खात्यानं जगापुढं जो पुरावा मांडला तो केडंब्याच्या माणसाच्या मुठीतून आला होता. हे वाक्य एका मुलीनं लिहिलं आहे, माझं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं त्यांच्या गावी स्मारकासाठी १३ कोटींहून जास्त रुपये मंजूर केले. त्यासाठी सतराव्या वर्षापर्यंत थांबावं लागायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच ओळीत सांगली जिल्हाही आला. राज्याचे गृहमंत्री तेव्हा आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. ग्रामस्वच्छतेचे आबा, तंटामुक्तीचे आबा. मोठ्या शहरात असे छोटे प्रकार होतात, अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य ते बोलून गेले आणि देशभर वणवा पेटला. आठवड्याच्या आत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, आबा गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुखही गेले. राज्याचं गृहखातं आलं जयंत पाटलांकडं, म्हणजे पुन्हा सांगलीच. वर्षभरात विधानसभा निवडणूक झाली, तेच दोन पक्ष परत आले आणि आबा पुन्हा गृहमंत्री झाले. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी दिली तेव्हा त्या खुर्चीवर तेच होते.

वर्गातल्या एका मुलीचं आजोळ तासगावकडचं. ती सुट्टीत आजोबांना विचारून आली. आजोबा आबांचे कट्टर. ते म्हणाले, “आबा चुकलं बोलायला. पण खुर्ची सोडली का नाही? त्यानंतर कुणी सोडली सांग.” तिनं हे वर्गात सांगितलं आणि आमच्या तक्त्याचा नकाशा बदलला. कारण मुलांनी शोधायला घेतलं आणि खरंच, पुलवामानंतर कुणी मंत्री गेला नाही, पहलगामनंतर नाही. १४ जुलैच्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी एका मुलाखतीत पहलगाम ही सुरक्षेतली चूक होती आणि त्याची पूर्ण जबाबदारी आपली आहे, असं म्हटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एकानं विचारलं, “मॅडम, जबाबदारी घेतली म्हणजे नक्की काय केलं?” वर्गात कुणाकडंच उत्तर नव्हतं, माझ्याकडंही एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं.

राजीनाम्यानं काही सुधारतं का, हा प्रश्न रास्त आहे. आबा वर्षभरात परतले हे खरंच. तरी माझं मत सांगते: राजीनामा हा निदान एक कृतीचा कागद आहे. त्यावर तारीख असते, सही असते. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं पोलिसांची साधनं, सराव, आलेल्या गुप्त सूचनांचं काय झालं, हे सगळं तपासलं. पण सभागृहात आधी आला तो समितीच्या शिफारशींवर सरकारनं काय केलं त्याचा कागद. मूळ अहवाल नाही. लोकांनी अहवालासाठी रस्ता अडवला नाही. लोक तोवर पुढं गेले होते.

दुसऱ्या रकान्याबद्दल थोडक्यात. कायदे वेगानं येतात. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा आला, मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून मंजूर झाला. २००४ मध्ये सरकार बदललं आणि रद्द झाला. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि यूएपीए ह्या बेकायदा कारवायाविरोधी कायद्यातली दुरुस्ती दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडली. आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, जामीन अवघड. पोटा रद्द करणाऱ्यांनीच त्यातल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्या नावानं परत आणल्या, हे मुलांनी दोन्ही कायद्यांची कलमं शेजारी ठेवून दाखवलं. विरोधकांनीही हात वर केला. भीती ताजी असताना आणलेला कायदा भीती ओसरल्यावरही राहतो, आणि तो तेव्हा कुणावर चालतोय हे बघायला कुणी बसलेलं नसतं. तपास यंत्रणा हवी, ह्यात शंका नाही. पण १८० दिवस आत राहिलेला माणूस निर्दोष निघाला तर त्याच्या त्या दिवसांची भरपाई कुठल्या कलमात आहे, हे मुलांनी शोधलं आणि सापडलं नाही.

निवडणुकीचा रकाना मुलांच्या सगळ्या अंदाजांवर पाणी ओतून गेला. हल्ला झाला की अमक्याच पक्षाचा फायदा, असं ती गृहीत धरून आली होती. ताजमधली कारवाई २९ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी संपली आणि त्याच दिवशी दिल्ली विधानसभेचं मतदान होतं. तिथं काँग्रेसच्या शीला दीक्षित तिसऱ्यांदा निवडून आल्या. मे २००९ मध्ये काँग्रेसला लोकसभेत २०६ जागा मिळाल्या, म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत हल्ला झाला त्यांच्याच वाढल्या. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, २६ फेब्रुवारीला पाकिस्तानातल्या बालाकोटवर हवाई हल्ला झाला, आणि मेमध्ये भाजपच्या जागा २८२ वरून ३०३ वर गेल्या. माद्रिदमध्ये सरकार पडलं. मी मुलांना ‘त्यामुळे’ हा शब्द ह्या रकान्यात लिहू दिला नाही. निवडणुकीत कांदा असतो, जात असते, पाऊस असतो. लोक हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतर सरकार कसं वागलं ते तोलतात, एवढंच जपून म्हणता येईल.

आणि एक आकडा. २६/११ नंतर गेटवे ऑफ इंडियाजवळ हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते. राजकारण्यांवरचा संताप तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र दिसत होता. पाच महिन्यांनी लोकसभेचं मतदान झालं. मुंबईत ते चाळीस-एक्केचाळीस टक्क्यांच्या आसपास राहिलं. ह्या आकड्यापाशी मुलं संतापली. आमच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं ओढा ओलांडून मतदानाला जातात.

पहलगामच्या ओळीत एक भांडण झालं. त्या गटातला एक मुलगा मुसलमान, वडील शिवणकाम करतात. एप्रिल-मेमध्ये गावाच्या ग्रुपवर जे मेसेज फिरले ते त्यानं वाचले होते आणि त्याच्या मित्रांनीही. ह्याबद्दल तो काही बोलला नाही. त्यानं एवढंच म्हटलं की पहिल्या आठवड्याच्या रकान्यात २३ एप्रिलचा काश्मीर बंद लिहायचा. दुकानं बंद होती, तिथल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं काळी निघाली, आणि पर्यटकांना वाचवताना मेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही त्या २६ जणांतला. बाकीच्यांचं म्हणणं, हे राजकारण नाही, आपला रकाना सरकारचा आणि पक्षांचा. तो हट्टाला पेटला: “दहशतवाद्यांना काय पाहिजे होतं? नाव विचारून मारलं, म्हणजे आपण एकमेकांशी भांडावं हेच ना? मग लोक भांडले नाहीत हे राजकारण नाही का?” वर्ग शांतपणे ऐकत होता. ती नोंद पहिल्या रकान्यात सगळ्यात वर गेली, आणि मग प्रत्येक गटानं आपापल्या ओळीत लोकांनी काय केलं ते शोधायला घेतलं.

जुलैत पाऊस लागला. मेढ्याचा पाऊस म्हणजे दिवा लावल्याशिवाय फळा दिसत नाही. तक्ता ओलीनं पोपडे धरायला लागला, म्हणून त्याच्यावर प्लास्टिक लावलं. आणि त्याच महिन्यात चौथा रकाना आमच्या डोळ्यांदेखत हलायला लागला. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकल स्फोट खटल्यातल्या सगळ्या १२ आरोपींना निर्दोष सोडलं. खालच्या कोर्टानं २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं ह्या निकालाला इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. ३१ जुलैला मालेगाव खटल्यातले सातही आरोपी विशेष न्यायालयानं निर्दोष ठरवले. एकाच महिन्यात दोन खटले, एकोणीस वर्षांचा आणि सतरा वर्षांचा. नेत्यांच्या प्रतिक्रिया मुलांनी शेजारी शेजारी चिकटवल्या. एका निकालावर ज्यांनी धक्का बसल्याचं सांगितलं त्यांतले काही दुसऱ्या निकालावर आनंदले, आणि ह्याच्या उलटही घडलं. आरोपी कोण आहेत हे बघून दुःख आणि आनंद ठरत होते. मेलेल्यांची आठवण त्या प्रतिक्रियांमध्ये फार थोड्यांनी काढली होती.

२००६ च्या गटातल्या मुलीचे मामा त्या संध्याकाळी जोगेश्वरीजवळच्या गाडीत होते. फुटलेल्या फर्स्ट क्लासच्या शेजारच्या डब्यात, दाराला लटकून. डावा कान गेला. पुढं नोकरी सुटली आणि ते गावी परतले. आता दुधाचा धंदा आहे. निकालानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडं गेलो. मला वाटलं ते रागात असतील. ते गोठ्यात धार काढत होते. आम्हाला उजव्या बाजूला बसायला सांगितलं, तिकडूनच ऐकू येतं म्हणून. भाची म्हणाली, “मामा, ते सगळे सुटले.” मामा म्हणाले, “पेपरात वाचलं. त्यांनी केलं नसंल तर सुटलेलंच बरं. एकोणीस वर्षं आत काढली त्यांनी.” मग बादली बाजूला ठेवली. “पण मग मॅडम, केलं कुणी? एवढं एक मला कुणी सांगंल का? त्या वेळी मंत्री दवाखान्यात आला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. आता कुणी येत नाही.”

त्या रविवारनंतर मुलांनी चौथा रकाना मधोमध उभा चिरला. एका भागाला नाव दिलं ‘शिक्षा’, दुसऱ्याला ‘सत्य’. १९९३ च्या ओळीत शिक्षेच्या खान्यात याकूब मेमनची ३० जुलै २०१५ ची फाशी आली, बावीस वर्षांनी. दाऊद अजून बाहेरच. संसद हल्ल्यात अफजल गुरू, फेब्रुवारी २०१३. २६/११ मध्ये कसाब, चौथ्या वर्षी. त्याच कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं ते एप्रिल २०२५ मध्ये. २००६ च्या ओळीत दोन्ही खाने मोकळे. मालेगावच्या ओळीतही. मुलीनं तिथं पेन्सिलीनं मामांचा प्रश्न लिहिला.

२८ जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात पहलगामचे तीन हल्लेखोर मारले गेले आणि त्याच दिवशी लोकसभेत चर्चा सुरू झाली. आम्ही ती वर्गात लावली. मुलं वही घेऊन बसली होती आणि भाषणांमधून दोनच गोष्टी टिपत होती: बैसरनला त्या दिवशी सुरक्षा का नव्हती ह्या प्रश्नाला कुणी थेट उत्तर दिलं का, आणि कुणी माझी जबाबदारी असं म्हटलं का. नेहरूंचं नाव आलं, १९७१ आलं, ट्रम्प आले, मुंबई आली, जुनी सरकारं आली. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मुलांच्या वह्यांतली ती दोन पानं बरीचशी कोरी राहिली, आणि मला जाणवलं की ही मुलं आता भाषण ऐकायला शिकली आहेत.

ऑगस्टच्या शेवटी पालकांना बोलावून तक्ता दाखवला. एका मुलाचे वडील निवृत्त सुभेदार, काश्मीरमध्ये दोनदा राहून आलेले. त्यांनी सगळ्या ओळी सावकाश वाचल्या. मुलांना वाटलं ते पुलवामाच्या ओळीपाशी रागावतील, कारण तिथं प्रश्न लिहिला होता की एवढी स्फोटकं महामार्गावर आली कशी. ते म्हणाले, “हा प्रश्न आम्ही फौजेत रोज विचारतो. चौकीवर एक काडतूस कमी भरलं तर चौकशी लागते. फौजेत चूक झाली का विचारणारा देशद्रोही नसतो, तो हवालदार असतो.” त्यांच्या मुलाचा चेहरा मी बघितला. त्याला पहिल्यापासून वाटत होतं की हा प्रकल्प वडिलांना आवडणार नाही.

१० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी बिहारच्या मतदानाचा दुसरा टप्पा होता. सहामाही संपून दिवाळीची सुट्टी नुकतीच सरली होती, प्रकल्पाचे गुण कधीच देऊन झाले होते. तरी चार जणांनी नवं कार्डशीट आणून खालून जोडलं, तारीख घातली आणि पहिला रकाना भरायला घेतला. कुणी काय बोललं, कुणी काय पसरवलं, कुठली बातमी तासाभरात मागं घ्यावी लागली. बाकीचे रकाने रिकामे आहेत. ही मुलं मार्चमध्ये जातील. बहुतेक जण साताऱ्याला, पुण्याला, काही पोलीस भरतीला. तक्ता मी येणाऱ्या बारावीला देणार आहे, आणि त्यांना पहिलं काम २००६ च्या ओळीचं: सर्वोच्च न्यायालयात त्या खटल्याचं काय झालं ते बघायचं आणि गोठ्यात जाऊन मामांना, उजव्या बाजूला बसून, सांगायचं.